मेहरूनच्या भिंतीवरची रेघ

४ जानेवारी, रविवार
सकाळी घाटावर, घाट जपायच्या आमच्या मंडळाची बैठक. बैठक म्हणजे तिघं: मी, सुर्वे सर आणि औषधांच्या दुकानाचा प्रकाश. वीरगळांवर कुणीतरी पुन्हा ऑइल पेंट फासलाय. तो खरवडायला सरांनी बांबूच्या पट्ट्या तासून आणल्या होत्या. पाणी गारढोण.
सर म्हणाले, "शालनताई, आज भाषण नको. नुसतं घासा."
घासलं, आणि बोललेही. पुढच्या महिन्यात लोकांना घेऊन फेरी काढायची. घाटापासून पेठेपर्यंत घराघरांवर मंडळाने काढलेल्या पुराच्या रेघा दाखवायच्या. त्या पुसल्या गेल्या की पाण्याच्या वाटेत इमारती उठवणाऱ्यांना रान मोकळं. हे लोकांना कोण सांगणार?
घरी येऊन दोन्ही वेळचा भात एकदमच लावला.

११ जानेवारी
मेहरूनकडे चहा. शाळेपासूनची मैत्रीण, आता गल्लीतलं चौथं दार. घर विकायचं म्हणते. नवऱ्याला, शौकतभाईंना, अर्धांगाचा झटका आल्यापासून जिना चढवत नाही, आणि दर पावसाळ्यात तिचा जीव टांगणीला. राजारामपुरीत लेकीच्या इमारतीत लिफ्ट आहे.
दोन हजार एकोणीसच्या पुरात पोरांनी शौकतभाईंना खिडकीतून नावेत उतरवलं होतं. ते अजून सांगतात, "वरात निघालती की माझी. नवरीच तेवढी मागं ऱ्हायली." मेहरून हसली नाही. "पुढच्या बारीला कोन उतरवनार? ती पोरं पुन्याला गेली."
तिच्या दाराशेजारी भिंतीत दोन खुणा आहेत. खालची सासऱ्यांनी छिन्नीने कोरलेली. वरची एकोणीसची, लाल रंगाची, मंडळाने काढली. मी स्टुलावर चढून ओढली होती, तेव्हा स्टूल तिनंच धरलं होतं.
मुरगूडचं एक कुटुंब घर बघून गेलंय.

८ फेब्रुवारी, रविवार
फेरी झाली. एवढी माणसं येतील असं वाटलं नव्हतं. कॉलेजची मुलं, डॉक्टर, बायका. घाटावर बोलले, देवळापाशी बोलले. मग मेहरूनच्या दाराशी आलो. तिथं बोलायचं ठरलं नव्हतं. पण ती भिंत समोर आली की मी थांबू शकत नाही. हात वर केला, तरी लाल रेघ हाताच्या वरच. म्हणाले, "नदीनं सही केलीय इथं. हे घर घेणाऱ्यानं आधी या भिंतीला विचारावं."
टाळ्या.
वर मेहरून खिडकीत होती. तिनं खिडकी लावून घेतली. मी पाहिलं. पण मी वाक्याच्या मध्यावर होते.

११ फेब्रु.
कुणीतरी काढलेला व्हिडिओ मोबाईलवर फिरतोय. मुरगूडकरांनी नकार कळवला.
मेहरून दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही.
"तुला भाषन कराय दुसरी भित न्हवती काय गं?"
म्हटलं, मी खोटं काय बोलले?
"खोटं कुठं म्हंते मी? खरंच हाय की. पर तुला ठावं हुतं, पावणं बघून गेलतं ते."
ठाऊक होतं. मला तिला म्हणायचं होतं की त्या मुरगूडच्या घरातही कुणीतरी म्हातारं असेल, त्याला कोण उतरवणार. पण ती निघून गेली होती. माझी उत्तरं नेहमी तयार असतात, आज उशीर झाला.

२२ फेब्रु.
बैठक प्रकाशच्या दुकानामागे. गल्लीतले चौघं-पाचजण त्याला येऊन भेटले म्हणे, आमच्या भिंतींवरच्या रेघा पुसा म्हणून. सु. सरांचं मत पडलं की रेघा फक्त घाटावर आणि देवळांवर ठेवाव्यात. मी उभी राहिले. तिघांच्या बैठकीत कुणी उभं राहून बोलत नाही हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. म्हणाले, देवाला पुराची भीती नाही, माणसाला आहे, रेघ माणसाच्या घरावर हवी.
सर शांतपणे म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, ताई. पण आम्हाला या लोकांत राहायचंय."
"मग मी कुठं राहते?"
प्रकाश गिऱ्हाईक बघायला पुढे गेला.

६ मार्च
मेहरूनच्या दारात गवंडी. सकाळी गिलावा सुरू. आधी लाल रंग तारेच्या ब्रशने खरवडला, मग छिन्नीची खोच सिमेंटने भरली. सासऱ्यांची खूण. शौकतभाई खुर्चीत बसून बघत होते. मला पाहून म्हणाले, "या की, शालनबाई. उभ्या का?" मेहरून आतून बोलली, "त्यास्नी काम असंल."
मी भाजी घेऊन घरी आले. मोर्चे काढलेत, अधिकाऱ्यांना घाम फोडलाय. एका गवंड्याची थापी अडवता आली नाही. अडवायला हवी होती का, हेही आज

(इथंच सोडलं होतं. तसंच राहू दे.)

२१ मार्च
ईद. दुपारी मेहरूनची नात शिरखुर्मा देऊन गेली. आजवर पितळी डब्यात यायचा. मी डबा घासून, त्यात काहीतरी घालून परत न्यायची, मग संध्याकाळ तिथंच. या वेळी हॉटेलातला प्लॅस्टिकचा डबा. परत करायला नको असा.
खुर्मा नेहमीसारखाच. सगळा संपवला.

२९ मार्च, रविवार
घाटावर एकटीच. सरांचा निरोप, गुडघा दुखतोय. प्रकाशचा निरोपही नाही. एक वीरगळ पूर्ण स्वच्छ झाला. खाली पडलेला योद्धा, वर स्वर्गातल्या अप्सरा. त्याचं नाव कुणाला माहीत नाही. मोठ्याने बोलून बघितलं, चार वाक्यं. एक बाई कपडे धुता धुता वळून बघायला लागली, तसं थांबले.

९ एप्रिल
दुपारी अनोळखी फोन. शाहूवाडीकडचा माणूस, शाळेत शिक्षक. बदली होऊन आलाय. बायको, लहान मुलगी, आणि आई अंथरुणाला खिळलेली.
"म्याडम, तुमचं भाषन आमच्या शाळेच्या ग्रुपवर ऐकलं. लई भारी. एक इचारू? पेठेत एक घर बघितलंय. भिंत नवी केल्या, रंगबी नवा. त्या भाषनातलं घर त्येच न्हाई न्हवं? घरमालकीन म्हनली, पानी येतंय तसं थोडं. पर किती, ते काय बोलली न्हाई. आईला खालच्या खोलीत ठेवायचं हाय, म्हनून. उद्या सकाळी धाला इसार द्यायचा हाय."
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"म्याडम? हाय का तुम्ही?"
उद्या सांगते म्हणाले.

१० एप्रिल
मेहरूननं "थोडं" म्हणून का होईना, पाणी येतं एवढं सांगितलं. हेच काल रात्रभर घोळत राहिलं. ती खोटं बोलली नाही. पुरतं खरंही नाही. बाकीचं माझ्यावर आलं.
हा सौदा मोडला तर पावसाळ्याआधी दुसरा होणार नाही. शौकतभाई पुन्हा त्याच खिडकीशी. झाला, तर त्या शिक्षकाची आई खालच्या खोलीत.
व्यासपीठावर हे केव्हाच सोडवलं असतं. समोर हजार माणसं असली की प्रत्येकाचं नाव विचारावं लागत नाही.
आत्ता नऊ वाजलेत. दहाला तो इसार घेऊन मेहरूनकडे यायचाय. त्याचा दोनदा फोन येऊन गेला, उचलला नाही. चप्पल घातलीय. आधी तिचं दार वाजवावं. तूच सांग त्याला म्हणावं, मी शेजारी उभी राहते, एक शब्द बोलत नाही. तिनं दार उघडलं तर. आणि उघडलं नाही, तर