कॅमेऱ्यासमोरची खुर्ची

सोलापूर,
१९ मार्च

प्रिय शिवा,

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोनवर तू मला ब्लॉक केलंस, आपल्या दहावीच्या ग्रुपमधूनही काढलंस, तेव्हा पोस्टाशिवाय रस्ता उरला नाही. पत्ता तुझ्याच कुरिअरच्या खोक्यावरून उतरवून घेतला आहे. त्याच खोक्यातून तू तो कॅमेरा पाठवला होतास. अक्षराला हसू नकोस, थापी धरणाऱ्या बोटांत पेन बसत नाही. तुमच्या घरातल्या अकरा दिवसांच्या कामाला सत्तावीस दिवस का लागले, हे तुला कधीही सांगणार नाही असा शब्द मी एका माणसाला दिला होता. तो आज मोडतो आहे. चिडून पत्र फाडणार असलास तर फाड, पण त्याआधी शेवटचं पान वाच.

आधी भांडून घेतो, म्हणजे पोट हलकं होईल. तीस वर्षं मी लोकांच्या घरात उकिडवा बसून फरशी बसवतोय आणि तीस वर्षं कुणी ना कुणी माझ्या मानेमागं उभं राहून बघतंय. गिऱ्हाईक बघणारच, घर त्याचं आहे. जुळे सोलापुरातले एक निवृत्त साहेब होते, त्यांचा माझ्या पाणसळीवर विश्वास नव्हता. नातवाची काचेची गोटी घेऊन यायचे आणि प्रत्येक फरशीवर सोडून ती कुठं घरंगळते ते बघायचे. एक वहिनी दर अर्ध्या तासानं विचारायच्या, डिझाईन उलटं नाही ना लागलं? फरशी कोरी पांढरी, डिझाईनच नव्हतं. काही जण नेमके खिडकीत उभे राहतात आणि उजेड अडवून वर विचारतात, दिसतंय ना नीट? अशा लोकांचा इलाज आम्हाला पाठ असतो. दोरीचं एक टोक त्यांच्या हातात द्यायचं आणि सांगायचं, घट्ट धरा साहेब, सुटली तर सगळी ओळ बिघडेल. माणूस तासभर हलत नाही आणि बोलतही नाही. तुझे अप्पासुद्धा बघत बसायचे. तुमच्या घरातली जुनी शहाबादी माझ्या वडिलांनी घातली, तेव्हा महादेवप्पा वेताची खुर्ची टाकून दिवसभर समोर असायचे. पण पान लावून द्यायचे. एखादी फरशी पोकळ वाजली तर म्हणायचे, रावजी, हिला उठवा आणि नीट झोपवा. माझा बाप घरी येऊन ते आम्हाला सांगायचा आणि पोट धरून हसायचा.

पण शिवा, दोरीचं टोक कॅमेऱ्याच्या हातात कसं देणार?

दिवाळीनंतर तुझी आई, आपली अव्वा, त्या शहाबादीवर घसरली, मनगट दुखावलं, आणि तू बाहेरच्या सोप्यात, स्वयंपाकघरात आणि न्हाणीत न घसरणारी फरशी घालायची ठरवलीस. पहिला फोन मला केलास. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी घरी जाताना पेढे घेऊन गेलो. शाळेतला दोस्त पुण्यात एवढा मोठा झाला तरी काम मलाच देतो, याचा मला गर्व वाटला. मग खोकं आलं. तू फोनवर सांगत होतास आणि मी स्टुलावर चढून ड्रिल मारत होतो. खाली वळव, थोडं डावीकडं, हां, आता पूर्ण सोपा दिसतोय. माझ्यावर नजर ठेवणारा डोळा मी माझ्याच हातानं भिंतीत बसवला आणि वर तुला विचारलं, बरोबर झालं ना?

त्यानंतर तुझा आवाज वरून यायला लागला. ज्ञानू, चहाला चाळीस मिनिटं? ज्ञानू, तिसऱ्या ओळीत फरक वाटतोय. कंबर भरून आली म्हणून उभा राहिलो की, काय झालं, का थांबलास? तीस वर्षांत माझा हात कधी कापला नव्हता, तो त्या आठवड्यात दोनदा कापला आणि दोन फरशा माझ्याकडून फुटल्या. त्या दोन माझ्या. बाकीच्यांचं पुढं सांगतो.

पहिल्याच दिवशी अव्वानं मला विचारलं होतं, ते भिंतीवर काय लावलंस? मी म्हणालो, त्यातून शिवा बघतो. ती म्हणाली, आत्ता? हितं? आत्ता बगतोय व्हय? मी हो म्हणालो. ती आत गेली. बाहेर आली ती इरकल नेसून, केसांना तेल लावून, कुंकू नवं करून. अप्पांची वेताची खुर्ची ओढत आणली आणि सोप्याच्या ऐन मध्यावर, कॅमेऱ्याकडं तोंड करून बसली. हात मांडीवर, लग्नाच्या फोटोला बसतात तशी. तुला आठवतं का तू काय बोललास? नसेल आठवत. तू म्हणालास, अव्वा, जरा बाजूला सर, फरशी दिसत नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. थापी भिंतीवर फेकावी असं वाटलं. पण अव्वाकडं बघितलं तर तिचा चेहरा फुललेला. खुर्ची सरकवता सरकवता मला हळूच म्हणाली, ऐकलास? माझ्याशी बोलला की रे.

त्या दिवसापासून तिनं तो धंदाच सुरू केला. तासभर तुझा आवाज आला नाही की काठी टेकत यायची आणि मध्येच उभी राहायची. तू म्हणायचास, अव्वा, बाजूला. ती सरायची. अर्ध्या तासानं परत यायची. म्हातारीला किती वेळा सांगायचं, असं तुला वाटत असणार. तिला सगळं समजत होतं. आधी तुझा फोन रविवारी यायचा, दहा मिनिटं. आता तू दिवसातून दहादा बोलत होतास. ज्ञानू आला का, ज्ञानू कुठं गेला, ज्ञानूनं सिमेंटचा माल किती कालवला, हेच विचारायचास, पण आवाज तुझा होता. दुपारी मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढताना ती तुझे ते प्रश्न परत परत सांगायची आणि हसायची. ऊट आतेन, जेवलीस का, असं तू तिला एकदा तरी विचारशील म्हणून मी कान देऊन होतो. नाही विचारलंस. असो.

आठव्या दिवशी स्वयंपाकघर धरलं. संध्याकाळी दोन ओळी बसवून गेलो, सकाळी येऊन बघतो तर चार फरशा खचलेल्या. मला वाटलं मांजर. परत उचलल्या, परत बसवल्या. दुसऱ्या सकाळी पाच. तिसऱ्या सकाळी एका सांध्यात ओल्या मालावर एक गोल ठसा दिसला, रुपयाएवढा. काठीला खाली रबराचं बूच असतं ना, त्याचा. कॅमेऱ्याची नजर स्वयंपाकघरात पोचत नाही हे तिला माझ्याआधी कळलं होतं. पहाटे उठून ती ताज्या फरशीवर काठी दाबत फिरत होती. अरे, मनगट मोडता मोडता वाचलेली बाई! परत पडली असती तर?

मी ओरडलो तिच्यावर. आईच्या वयाच्या बाईवर, जिच्या घरी शाळा सुटल्यावर तुझ्याबरोबर शंभरदा जेवलो, तिच्यावर. ती चुलीकडच्या कट्ट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, काम सपवू नगंस रे ज्ञान्या. सपलं की त्यो कशाला बगंल? मग सिद्धेश्वराच्या तसबिरीपुढं माझा हात धरून म्हणाली, शिवाला यातलं कायबी सांगायचं न्हाय. मी काय करणार होतो? शब्द दिला. रोज सकाळी खचलेल्या फरशा उचलायच्या, माल खरवडायचा, परत बसवायच्या आणि बाहेर येऊन तुझ्या शिव्या खायच्या, असा माझा दिनक्रम झाला. तुला वाटलं मी काम लांबवतोय. लांबवतच होतो.

मग तू ग्रुपवर लिहिलंस. ज्ञानूला काम देण्याआधी विचार करा, माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. चाळीस जणांनी वाचलं. शेळगीच्या बंगल्याचं काम आपल्याच वर्गातल्या एकानं मला देऊ केलं होतं, त्यानं दुसऱ्या दिवशी दुसरा मिस्त्री धरला. घरी बायको म्हणाली, खरं काय ते सांगून का टाकत नाही? कुणाला सांगू आणि काय सांगू? माझं नाव सांभाळायला तुझ्या आईची चुगली करायची? राग यायचा तो तुझ्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच काठी, तेच ठसे.

पंचविसाव्या दिवशी तू कॅमेऱ्यातून मला कामचोर म्हणालास. अव्वा तेव्हा चहा घेऊन येत होती. तिनं ते ऐकलं. कप खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं नाही, आत गेली. थोड्या वेळानं मला आत बोलावून म्हणाली, सपीव आता. माझ्यापायी तुझं नाव खराब व्हायलंय. त्यानंतर एकही फरशी खचली नाही. दोन दिवसांत काम पूर्ण झालं. तुझ्या घरातली प्रत्येक फरशी मी ठोकून बघितली आहे, एकही पोकळ वाजत नाही. येशील तेव्हा तूही वाजवून बघ.

आता हे सगळं कशासाठी लिहितोय ते. माझ्या नावासाठी नाही, ते मिळेल परत किंवा नाही मिळणार. काम संपलं त्या संध्याकाळी तुझा शेवटचा मेसेज आला, कॅमेरा काढून खोक्यात ठेव. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन स्टुलावर चढलो. त्याचा निळा दिवा आधीच विझलेला होता, तू तिकडूनच बंद केला असणार. अव्वा खाली उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तिला दिवा पेटला काय आणि विझला काय. म्हणाली, काढू नको, असू दे की. काम सपलं म्हणून काय त्याला आई बगायची न्हाय? शिवा, मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. तसाच उतरलो. त्याला आज नऊ दिवस झाले. नवीन सांध्यांना पाणी मारायचं आहे असं सांगून मी रोज तिकडं जातो. चार दिवसांपूर्वीच ते सांधे वाळून कडक झालेत. ती रोज तीन वाजता इरकल नेसून त्या विझलेल्या डोळ्यासमोर बसते आणि बोलते. नळाला पाणी आलं का, शेजारणीच्या सुनेला काय झालं, डोळ्यात औषध घातलं की नाही, सगळं सांगते. मी विचारलं, शिवाचा फोन आला का? तर म्हणाली, बगतोय की रोज, मग फोन कशाला करंल? दोनदा मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी मारायला निघून गेलो. काल मी दारात उभा होतो, तिला कळलं नव्हतं. बोलता बोलता ती मध्येच थांबली. काठीवर जोर देऊन उठली, दुखऱ्या हातानं ती खुर्ची ओढत ओढत भिंतीला नेली आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाली, सरले बग बाजूला, दिसतीया का आता फरशी? यापुढं काय करायचं ते मला कळत नाही. मी फरशी बसवणारा माणूस, हे माझ्या हातातलं काम नाही. हुतात्मा एक्स्प्रेसनं चार तास लागतात. येणं जमत नसेल तर निदान हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन वाजता फोन कर, आणि तिला म्हण, अव्वा, फरशी बघितली, आता तू मध्ये येऊन बस.

तुझाच,
ज्ञानू