बारावं नाव

२२ नोव्हेंबर १९५५
काल मराठी राज्यासाठीच्या संपात गेले. फाउंटनला गोळ्या सुटल्या, धावताना एक चप्पल गेली. आज ऑफिसात हजर! पाय ठणकतोय. पश्चात्ताप नाही.

२३ नोव्हेंबर
कलकत्त्याच्या हेड ऑफिसला यादी पाठवायचीय — संपात गेलेल्यांची. कामावरून काढायला! गेलो बाराजण, यादीत नावं अकरा. माझं नाही. साहेब म्हणतो, "बाई, तुम्ही नसाल तर टेलिप्रिंटर कोण चालवणार?"

टेलिप्रिंटरचा मजकूर आधी कागदी पट्टीवर भोकांनी उमटतो. अख्ख्या ऑफिसात ही भोकांची पट्टी मला एकटीला येते. एका अक्षराला पाच जागा. भोक आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. मी ती नुसत्या डोळ्यांनी वाचते. गर्व आहेच मला त्याचा.

यादीत पहिला जयवंत, लालबागचा, चार पोरांचा बाप. म्हणाला, "तुझा नाव नाय ता बरा झाला, बाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई म्हणते, "विकतचं दुखणं घेऊ नकोस."

२४ नोव्हेंबर
घेतलं! अकरा नावं पट्टीवर पाडली आणि खाली माझं. साहेब शेजारीच उभा. त्याला भोकांतलं काय कळतंय! पट्टी मशीनमधून गेली, इकडच्या कागदावर नावं छापून आली, तेव्हा ओरडला — "मिटवा ते!"

पट्टीवर चूक झाली की ती मागे ओढून त्या जागी पाचही भोकं पाडतो आम्ही. मशीन ते अक्षर सोडून देतं. म्हटलं, "साहेब, पट्टीवरचं मिटतं. कलकत्त्याला पोचलेलं मिटत नाही."

त्यानं लगेच पोस्टातून तार केली, बाईंचं नाव चुकून पडलं म्हणून. चुकून म्हणे!

२५ नोव्हेंबर
उत्तर नाही. जयवंत माझ्या टेबलावर शेंगदाण्यांची पुडी ठेवून गेला.

२६ नोव्हेंबर, शनिवार
उत्तर आलं. छापायचं मशीन अडकलं, भोकांची पट्टी तेवढी निघाली. साहेब म्हणाला, "वाचा." सगळे भोवती उभे.

पट्टीत होतं — अकरा काढा, ऑपरेटर ठेवा.

'कोणालाच काढू नका' असं वाचायचा मोह झाला. पण सोमवारी मशीन दुरुस्त झालं की हीच पट्टी त्यावर छापून येणार. जयवंतला दोन दिवसांची खोटी आशा कशाला?

मी मोठ्यानं वाचलं, "बाराही काढा." पर्स उचलली आणि त्यांच्याबरोबर जिना उतरले.

सोमवारी साहेबाला खरं कळेल. कळू दे!