टर्बोखालचा पाइप

इंदापूर,
दि. १४ नोव्हेंबर १९९९

प्रिय बुद्धघोष भावजी,

सप्रेम जयभीम.

तुमचा पत्ता बारामतीच्या तुमच्या जुन्या सोबत्याकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नका, मीच त्याचा पिच्छा पुरवला. इकडे सगळे ठीक. आत्याबाईंचे गुडघे थंडीत धरतात, तरी दोन्ही वेळा तुमची आई स्वतःच चुलीपुढे बसते. माझी भाकरी जाड होते म्हणे. दिशाला जूनपासून बावड्याच्या शाळेत नोकरी लागली. पहिली ते चौथी शिकवते. घरी आली की आमच्याशीही त्याच आवाजात बोलते.

आता कामाचं. दिशाला आपली गाडी चालू करून हवी आहे. रोज बावड्याला वडापच्या जीपला मागे लटकून जाते. शाळेतल्या आणखी तीन शिक्षिका इथूनच जातात, गाडी असली तर चौघी मिळून जातील. "घरची टर्बो ताडपत्रीखाली झाकलेली आणि मी फळीवर एक पाय ठेवून," हे मला रोज ऐकावं लागतं. लायसन तिने मला न विचारता काढलं.

गाडी संभाजी मेकॅनिकच्या गॅरेजमागे उभी आहे. पुढचा पत्रा त्याने ठोकून सरळ केला, रेडिएटर बदलला. राहिला आहे तो टर्बोला लागून खाली उतरणारा पाइप. मूळचा चारीतल्या दगडावर आपटून फुटला होता, हे तुम्हाला माहीत आहेच. तसाच मागवायचा तर कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून बाहेरचा घ्यायचा. त्याने बाहेरचे तीन सुचवले आहेत.

पहिला पुण्याच्या बाजारातला. दिसायला मूळच्यासारखा, मधे लवचीक जाळीही आहे. पण टर्बोवर बसते ती पट्टी अगदी पातळ. तापली की वाकडी होईल आणि फटीतून धूर येईल, असं मला वाटतं.

दुसरा संभाजीच्या आवडीचा. तीन इंच, सरळ, जाळी नाही. "वैनी, ह्योच घाला. धूर सुटला की सुटला. गाडी अशी पळंल का बावड्याची पोरं शाळंआधी गाडी बघाय येत्याल." मी म्हटलं, "आवाज?" तर म्हणाला, "आवाज त फुकाट हाय."

तिसरा एमआयडीसीत बनवून घ्यायचा. तुमच्याच धंद्यातला, स्टेनलेस, डेअरीच्या पाइपाचा. एसटीने जाऊन बघून आले. तिथला माणूस म्हणाला, "आत बोट फिरवून बघा, बाई. दुधाचा थेंब अडकायचा न्हाय." मी म्हटलं, "यातून दूध जाणार नाही." तो हसला. मला हसू आलं नाही.

तुम्ही म्हणाल, सातवी शिकलेल्या बाईला हे कुठून कळलं. संभाजीकडे गाडीचं इंग्रजी पुस्तक होतं ते आणलं, वाचनालयातून शब्दकोश आणला आणि दोन महिने बसले. टर्बो म्हणजे इंजिनच्या धुराने फिरणारं चाक. ते फिरून इंजिनमध्ये जादा हवा ढकलतं. पुढे त्या धुराला वाट मोकळी हवी, नाहीतर चाक अडखळतं. इंजिन रबरावर डुलतं आणि मागचा पाइप पत्र्याला बांधलेला, म्हणून मधे जाळी हवी, नाहीतर पाइप तडकतो. इतपत समजलं. दिशा म्हणते, "आई, परीक्षेला बसतीस का?"

पण पुस्तकात नाही ते मला विचारायचं आहे. स्टेनलेस तापून फुगतं ते किती? पट्टी किती जाड घ्यावी? आणि जोडात काय घालावं? तुमच्या हाताखालून असे शेकड्यांनी पाइप गेलेत. तुम्हीच सांगा, तिन्हींतला कोणता.

त्या दिवशी अंगणात तुम्ही काही बोलला नाहीत. त्याबद्दल पुन्हा केव्हातरी लिहीन.

उत्तराची वाट बघते.

तुमची वहिनी,
मालन

इंदापूर,
दि. २ डिसेंबर १९९९

प्रिय बुद्धघोष भावजी,

जयभीम.

तुमचं कार्ड मिळालं. "वहिनी, गाडी भंगारात घाला. पाइपाचं मला विचारू नका." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही. मला राग आला नाही. मी चार पानं पाइपावर लिहिली आणि त्या रबराचा एक शब्द लिहिला नाही. जोडात काय घालावं हे तुम्हालाच विचारलं. कार्ड हातात आल्यावर मला माझीच लाज वाटली.

आता लिहिते.

शुक्रवार होता, सोळा जानेवारी. तुम्ही स्वतः बनवलेला पाइप मोटारसायकलला बांधून बारामतीहून आणलात आणि अंगणात गाडीखाली झोपून बसवलात. तुमचे दादा ऑफिसातून यायचे होते. तुम्हाला रात्रपाळी होती, चहालाही थांबला नाहीत. हात पुसत म्हणालात, "वहिनी, जोडाला दुधाच्या लायनीचं रबर नुसतं माप बघायला घातलंय. ते तापलं की जळणार. दादाला सांगा, गाडी हलवायची न्हाय. सोमवारी मी तांब्याची रिंग आणतो." माझ्याकडून ते वदवून घेतलंत. मी म्हणून दाखवलं.

तुमचे दादा आले, जेवले, मी सांगायचं विसरले. शनिवारी ते सायकलने ऑफिसला गेले. इथपर्यंत ते विसरणं होतं. रविवारी विसरणं नव्हतं.

माझ्या आईला एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं. तिला लोणी भापकरहून आणून इथल्या डॉक्टरला दाखवू, असं मी दिवाळीपासून म्हणत होते. ते म्हणायचे, बघू. त्या रविवारी सकाळी त्यांनी आपणहून इस्त्रीचा सदरा घातला आणि म्हणाले, "मालन, डबा भर. म्हातारीला घेऊन येतो. एसटीची पायरी तिला चढायची नाही, गाडीत आरामात येईल. तुझ्या भावाने पाइप बसवलाय ना?" तुम्हाला ते माझा भाऊच म्हणायचे.

मी म्हटलं, "बसवलाय."

तुमचा निरोप मला शब्दन् शब्द आठवत होता. मनात आलं, सांगितलं तर हे खाली बसतील, पेपर उघडतील, आणि आई राहील तिथेच. एवढ्याशा रबराने काय होतंय, असंही आलं. मी मटकीची उसळ आणि चपात्या डब्यात भरल्या. गार वारं सुटलं होतं, म्हणून काचा बंद ठेवा, असंही सांगितलं. तेवढं मात्र सांगितलं.

लासुर्ण्याच्या अलीकडे गाडी बाभळीवर गेली. पंचनाम्यात लिहिलं, चालकास डुलकी लागली असावी. उसाच्या गाडीवाल्याने सांगितलं, आत धूर कोंडला होता आणि माणूस एका हाताने डोळे पुसत होता. धुराने झालं की डुलकीने, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मी सोयीचं ते धरणार नाही.

तिसऱ्या दिवशी संभाजीने तुमचा चेमटलेला पाइप उतरवून जोड खोलला आणि काळा गोळा तळहातावर घेऊन अंगणात आला. "ह्ये दुधाच्या लायनीचं रबर हाय. टर्बोखाली कुणी घालतं व्हय?" सगळा भावकीचा गोतावळा बसलेला. आत्याबाई म्हणाल्या, "धाकट्यानं थोरल्याला मारला." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदाच. मग चपला घातल्यात.

"मी वहिनीला सांगितलं होतं," एवढं तुम्ही म्हणू शकला असता. तुम्ही म्हणाला नाहीत. नोकरी सोडलीत, गाव सोडलंत, तरी नाही. आणि मी तुम्हाला जाऊ दिलं. तुमचं नाव निघालं की मी उठून पाणी आणायला जायची. येत्या जानेवारीत दोन वर्षं होतील.

काल आत्याबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पुन्यांदा सांग." मी पुन्हा सांगितलं. मग टोपलं बाजूला सारून म्हणाल्या, "दोन वरसं म्या त्याचं नाव तोंडातनं घेतलं न्हाय. आन् तू माझ्याशेजारी जेवत व्हतीस." आज सकाळी त्यांनी भाकरी केल्या. माझ्या वाटणीची केली नाही. मी माझी करून घेतली, जाडच झाली.

दिशाला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. पेटीतून वडिलांचा फोटो काढून पुसला, परत ठेवला आणि विचारलं, "मग आता पाइप कोण निवडणार? तू?"

म्हणून पुन्हा लिहिते. गाडी भंगारात घालणार नाही, कारण मी घातली तर ही पोरगी दुसरी घेईल आणि तिच्याखाली काय आहे ते मला कळणारही नाही. ती रोज या गाडीत बसणार आहे, शेजारी आणखी तिघी. माझ्या निवडीवर मी तिला बसवणार नाही. संभाजीच्याही नाही. तुम्ही सांगितलंत तर पाइप बसेल. नाही सांगितलंत तर ताडपत्री निघणार नाही, मग ती माझ्याशी बोलो वा न बोलो.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायचं ओझंही तुमच्याच डोक्यावर येईल.

मालन

इंदापूर,
दि. ३० डिसेंबर १९९९

प्रिय भावजी,

जयभीम.

तुमचं पाकीट मिळालं. आलेख कागदावर पेन्सिलीने काढलेला पाइप, तिन्ही बाजूंनी, मापं घालून. अडीच इंच, स्टेनलेस, पट्टी दहा मिलिमीटर, वाकणानंतर जाळी, आणि पाइपाचं वजन टर्बोवर लटकू नये म्हणून गिअरबॉक्सला एक आधार. जोडात तांब्याची रिंग. खाली "रबर कुठेही नको", आणि त्याखाली दोन रेघा. रेघ ओढताना कागद फाटला आहे.

मागच्या बाजूला तुमची एकच ओळ. "आईला कशाला सांगितलंत?"

त्याचं उत्तर असं की त्यांना एकच मुलगा होता, अशा त्या वागायला लागल्या होत्या. एक गेला हे खरं. दुसरा मी नाहीसा केला होता.

कागद घेऊन मी आणि दिशा एमआयडीसीत गेलो. त्या माणसाने कागद उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "कुणी काढलंय?" मी म्हटलं, "दिरांनी." "दीर डेअरीत हायत व्हय? मग मला शिकवायचं काय राहिलंच न्हाय." दोन दिवसांत पाइप दिला. मी पट्टी मोजून घेतली. संभाजी बसवताना कुरकुरला, "आवाजच न्हाय वैनी ह्येला. मांजरावाणी चाललीय." पण आधार तुमच्या मापाने नेमका बसला तेव्हा गाडीखालनं म्हणाला, "बुद्धघोषचा हात हाय खरा." त्या दिवशी अंगणात आपण घाई केली, असंही म्हणाला. ते मी तुमच्यापर्यंत पोचवते आहे. निरोप आता लगेच पोचवते.

दिशाच्या आधी मी एकटी गाडीत बसले. काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून, अर्धा तास. गिअरच्या दांड्यापाशी पांढरा रुमाल अंथरला होता. दिशा बाहेरून काचेवर टकटक करत होती, "आई, बास की आता." मी उतरले नाही. अर्ध्या तासाने रुमाल पांढराच निघाला. मग तिला म्हटलं, बस.

अठरा तारखेपासून गाडी बावड्याला जाते आहे. पहिल्या दिवशी आत्याबाई दारात उभ्या राहिल्या. गाडी वळल्यावर मला विचारलं, "त्यानं बनिवलेला हाय का?" मी म्हटलं, त्याने कागद दिला, बनवला दुसऱ्याने. "मंग त्याचाच," म्हणाल्या. माझी भाकरी त्या अजून करत नाहीत. करतील किंवा नाही करणार, मी ते धरून बसलेली नाही.

तुमच्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं आहे, "पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळावेत." काल पाचशे झाले. संभाजी पाना घेऊन आला होता, मी त्याला परत पाठवला. आज दिशा वडापने गेली. कुरकुरली, पण गेली. आणखी किती दिवस जायचं, असं विचारलं. मी सांगितलं, मला माहीत नाही.

अठरा जानेवारीला तुमच्या दादांच्या नावाने घरी बुद्धवंदना आहे. गेल्या वर्षी आम्ही तुम्हाला कळवलं नव्हतं. या वेळी हे पत्र आत्याबाईंच्या सांगण्यावरून लिहिते आहे. त्या समोर बसल्या आहेत आणि काय लिहिलं ते वाचायला लावताहेत. वाचून दाखवलं. म्हणतात, त्याला लिही, जेवायला ये असं मी सांगणार नाही, बोल्ट आवळायला ये.

गाडीची किल्ली त्यांनी माझ्याकडून मागून घेतली आणि कनवटीला लावली. ती तुम्हाला त्यांच्याकडेच मागावी लागेल.

तुमच्या दादांची,
आणि तुमचा निरोप अडवून ठेवणारी,
मालन