सतरा जनुकं

३ मार्च
नाही म्हणजे नाही! सही करणार नाही. सरांच्या सहा वर्षांपूर्वीच्या गाजलेल्या लेखाचा पुढचा भाग, त्यावर पहिलं नाव माझं, प्राध्यापकपदाची मुलाखत महिन्यावर — सगळं कबूल. पण आकडे मला पटत नाहीत.

५ मार्च
सरांच्या लेखातले कॅन्सरचे बासष्ट रुग्ण, प्रत्येकाची अठरा हजार जनुकं. एवढ्या गर्दीत कुणी ना कुणी ओळखीचं भेटणारच! आज कोण बरं झालं, कोण नाही, याच्या नोंदी पत्त्यांसारख्या पिसून टाकल्या. आता काही सापडायला नको. तरी सरांच्या प्रोग्रॅमने तोऱ्यात सतरा जनुकं काढून दिली. म्हणे नव्वद टक्के अचूक! चूक कळली. जनुकं निवडताना सगळे रुग्ण आधीच पाहून घेतलेत, मग चाचणीही त्यांच्यावरच. पेपर फोडून परीक्षा!

आणि लेखातली सतरा जनुकंही अशीच निघालेली; त्यांच्यावरून हॉस्पिटल ठरवतं — केमो कुणाला द्यायची, कुणाला नाही.

६ मार्च
सरांना दाखवलं. वीस वर्षं त्यांच्या हाताखाली घडले मी. ते चष्मा पुसत म्हणाले,

"मुलाखत होऊ दे. मग बघू."

"तोवर रुग्णांनी काय करायचं, सर?"

"फार बोलायला लागलीस."

लागले!

७ मार्च
आई फोनवर — "गप्प बसायचं औषध तुला लहानपणीही लागू पडलं नाही." नवरा म्हणाला, "पद गेलं तर गेलं. आधी जेवून घे."

१४ मार्च
विभागाची बैठक. विभागप्रमुख म्हणाले, "घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला?" मी म्हटलं, चूक कळवणारं पत्र कालच हॉस्पिटलला गेलंय. विभागप्रमुखांनी पुढचा विषय काढला.

२ एप्रिल
मुलाखत रद्द. "तांत्रिक कारण"! बरं झालं, नवी साडी घ्यायची वाचली.

११ एप्रिल
हॉस्पिटलने सतरा जनुकांची चाचणी थांबवली. थांबवली!! पहिल्या वर्षाच्या वर्गात हेच उदाहरण फळ्यावर मांडलं. नाव कुणाचंच घेतलं नाही.

१२ एप्रिल
सकाळी सर घरी आले. बसले नाहीत. दारातूनच म्हणाले, "नोंदी मी सहा वर्षांपूर्वीच पिसून पाहिल्या होत्या. तेच निघालं होतं."

ते गेल्यावर हॉस्पिटलला दुसरं पत्र लिहिलं. या सहा वर्षांत चाचणीवरून ज्यांना केमो नाकारली, त्या सगळ्यांची यादी मागितली आहे.