तिला म्हणायचंय की…

प्रिय चिरंजीव,

नीट पोचले. गुडघा बरा आहे, काठी अजून पंधरा दिवस. ही झाली खुशाली. आता मुद्द्याचं, आणि ते गोड नाही.

ऑपरेशननंतर तीन आठवडे तुझ्या घरी पडून होते. तू घरून काम करायचास आणि मधली भिंत ती केवढीशी. तुझ्या टीमच्या रोजच्या मीटिंगा मी ऐकल्या. चोरून नाही, कान आहेत म्हणून. पहिले दोन दिवस अभिमान वाटला. तिसऱ्या दिवसापासून शिसारी यायला लागली. टीममध्ये एकच मुलगी. तिचं दुसरं वाक्य संपायच्या आत तू लोण्यासारख्या आवाजात म्हणायचास, "म्हणजे तिला म्हणायचंय की…" टीममधला तो सतत खाकरणारा मुलगा मात्र दहा-दहा मिनिटं भरकटायचा. त्याला काय म्हणायचंय ते देवालाही कळलं नसतं, पण ते तू कधी समजावून सांगितलं नाहीस.

त्या गुरुवारी हॉस्पिटलांसाठीचं तुमचं निरोप पाठवायचं नवं सॉफ्टवेअर सुरू करायचं ठरत होतं, तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, "हे सुरू करू नका, एका पेशंटचा निरोप दुसऱ्याला जातोय." तू म्हणालास, "म्हणजे तिला म्हणायचंय की तिला जरा काळजी वाटतेय." अरे, तिने चूक पकडली होती! तू त्या चुकीची नुसती "काळजी" करून टाकलीस. सोमवारी हॉस्पिटलांचे फोन आले, खाकरणाऱ्याने दुरुस्ती केली, आणि तू "वाचवलंस गड्या" म्हणालास ते त्याला. तिने गुरुवारीच सांगितलं होतं, हे कुणी काढलंही नाही.

आणि त्याच संध्याकाळी चहा पिताना तू सूनबाईला सांगतोस, टीम लीडरसाठी त्या मुलीचं नाव आहे, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी शेरा द्यायचाय: हुशार आहे, पण मुद्दा ठामपणे मांडता येत नाही.

तू कुणावर ओरडत नाहीस, अचकट-विचकट बोलत नाहीस. म्हणूनच जास्त किळस येते. तुला कुणी धरणार नाही. आणि हे तू बाहेर शिकला नाहीस. तुझे बाबा पाहुण्यांना माझं म्हणणं असंच समजावून सांगायचे. मी गणितातली पदवीधर, एकोणतीस वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिलेली बाई, हसून पानात वाढत राहायचे. तू समोर बसून जेवायचास. त्या हसण्याचीही मला आता किळस येते.

तोंडावर का बोलले नाही, असं म्हणशील. दोनदा बोलायला गेले. दोन्ही वेळा तू म्हणालास, "आई, तुला म्हणायचंय की मी फार दमतो." मला ते म्हणायचं नव्हतं. म्हणून हे कागदावर, कुरियरने, बुधवारी मिळेल. शुक्रवारच्या आत तो शेरा खोड आणि घडलं तसं लिही: "तिने वेळेवर, स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

तुझीच, पण या बाबतीत तुझ्या बाजूची नसलेली,
आई