सोळाव्या दिवसाचं पाणी

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आला! 'तरवाली' आला! खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणाऱ्या मुलीचा गेम. गोष्ट माझी, संवाद माझे, माणसं माझी. शेवटी पडद्यावर नाव — कथा : समरीन. तीन मासिकांनी परत पाठवलेली बाई मी. घ्या!

संध्याकाळी कुवेतहून धाकट्या भावाचा, मुझम्मिलचा फोन. आज सुट्टी त्याला, सकाळपासून खेळतोय. 'आपा, तुझ्या गेममधली म्हातारी कमरेपर्यंत जमिनीत गेलीय गो! आणि वरून म्हणते, बस हो पोरी!'

हसला गाढव. मीपण हसले. आधी.

११ ऑक्टोबर

स्वतः खेळले. होडी आभाळात जाते. तरवालीच्या नवऱ्याचे संवाद कोंबडा बोलतो. आणि सगळ्यात वाईट — गेममधल्या सोळाव्या दिवशी खाडीला पाणीच येत नाही! तर चिखलात रुतते ती रुततेच. पुढे जाताच येत नाही कोणाला. माझी अर्धी गोष्ट त्या चिखलापलीकडे पडलीय. कोणी वाचणारच नाही ती!

पुण्याला फोन लावला. गेम बनवणारी कंपनी तिथल्या ऋत्विकची. 'अगं, सगळेच असं करतात. आधी सोडायचं, मग दुरुस्त करायचं. दिवाळी गाठायची होती.'

दिवाळी गाठली. गेम नाही गाठला.

१२ ऑक्टोबर

जमालचाचा आले दाभोळहून. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. दाखवलं त्यांना.

'त्या पुणेवाल्याला एकदा माझ्या होडीत बसव. भोक ठेवूनच नेतो. वाटेत बुजवू म्हणावं!'

१३ ऑक्टोबर

कहर! ऋत्विकचा मेल — 'तू प्रयोगशील लेखिका ना? मग तुझ्या नावानं एक पोस्ट टाक. गेममधलं तुटलेपण मुद्दाम आहे, तोच प्रयोग आहे, असं.'

तुटलेपण! माझं वाक्य मध्येच तुटतं, कारण मी ते तोडते. तोडायच्या आधी दहादा वाचते. तुमची होडी उडते, कारण कोणी बघितलंच नाही! लोकांनी पैसे मोजून आमच्या गेमची चाचणी करायची आणि वर त्याला कला म्हणायचं?

नाही लिहीत. जा.

१४ ऑक्टोबर

लिहिलं! पण माझं. सात चुका, एकाखाली एक, सगळ्या जगासमोर. सातवी ठळक : 'सोळाव्या दिवशी भरती नाही. हा प्रोग्राम लिहिणाऱ्यानं जन्मात खाडी बघितलेली नाही.'

ऋत्विक फोनवर ओरडला, 'तुझं नाव काढून टाकीन गेममधून!'

काढ!

१५ ऑक्टोबर

पोस्ट पसरतेय. मुझम्मिल — 'आपा, तू फेमस! इथे रूमवर सगळे वाचतायत.'

प्रोग्राम लिहिणारा ओमकार. लोक त्याला शोधून शोधून शिव्या घालतायत. खाडीचे फोटो पाठवतायत त्याला. बरं झालं. कळू दे.

१६ ऑक्टोबर

ओमकारला कामावरून काढलं म्हणे. ऋत्विकनंच जाहीर केलं. स्वतःच्या घाईबद्दल एक अक्षर नाही!

हे नव्हतं मला पाहिजे.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

ओमकारचा मेसेज. शिवी नाही, काही नाही. फक्त एक फाईल. माझीच. भरतीच्या वेळा — जमालचाचांनी तोंडी सांगितल्या, मी उतरवून पाठवल्या. पाडवा ते पुनव, म्हणजे प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंत. पंधरा ओळी. पुनवेनंतर पुन्हा पाडवा, पुन्हा एकपासून मोजायचं — हे आमच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरसुद्धा जाणतं. सांगायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. मशीनला मी सोळावा दिवस दिलाच नव्हता.

पोस्ट काढली नाही. वरच लिहिलं — 'सातवी चूक माझी आहे, ओमकारची नाही. बाकी सहा कंपनीच्या, आणि न तपासता विकणं हीसुद्धा.'

मग ऋत्विकला फोन. 'माझं नाव काढायचं नाही. सातवी चूक त्याच नावाची आहे.'