सगळ्याजणी पास

प्रिय मेरेवाई,

तुझी आई म्हणाली, तू राजीनामा दिलास आणि तिकडे सुवा शहराच्या बाजारात मामाच्या दुकानात कापड मोजतेस. मोज. पण आधी हे वाच. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर बघून नाक मुरडू नकोस.

माझी लैसानी बरी आहे, म्हणजे घरातल्या घरात चालते. टेकडीवरच्या चर्चला जायचं तर निम्म्यात धाप लागते, म्हणून पाद्री खाली येऊन प्रार्थना करतात. गाणाऱ्यांत तिची जागा अजून रिकामी आहे. मी म्हटलं, उभ्या राहा गं कुणीतरी, ती काही एवढ्यात येत नाही. तर सगळ्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच तिला पुरून आले.

तू हॉटेलातल्या साफसफाईवाल्या बायकांसाठी फोनवरचा कोर्स बनवलास, तेव्हा मी गावभर सांगत फिरले होते. चित्रं सुंदर, भाषा आपली आणि शेवटी प्रश्न, न्हाणीघर धुताना कुठल्या दोन बाटल्या एकत्र ओतायच्या नाहीत? सगळ्याजणी पास, शंभरपैकी शंभर. तुझ्या साहेबाने केक कापला. मग सहा आठवड्यांनी लैसानीने त्याच दोन बाटल्या एका बादलीत ओतल्या आणि तो विषारी धूर तिच्या छातीत गेला.

इस्पितळात ती नळ्या लावून पडली होती आणि तू रडायचं सोडून तिच्या मैत्रिणींना विचारत बसलीस, कोर्स केलात कसा? कुठे बसला होतात? मला संताप आला. पण तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीत चटईवर गोल बसलो, उकडलेले कसाव्याचे कंद खात, मधे फोन. तारैवीनी आजी सगळ्यांत वडील, तेव्हा बटण तिनेच दाबायचं. लैसानीने विचारलं, "आजी, पण का नाही ओतायच्या?" तर शेजारची म्हणाली, "गप गं शहाणे, आधी पास हो!" चुकलं की फोन परत विचारायचा, आजी दुसरं बटण दाबायची, बरोबर आलं की टाळ्या. मग पुढचीच्या नावाने तेच.

जिन्यात तू एकटीच बडबडत होतीस, मी ऐकलं. प्रत्येकीच्या हातात पाणी भरलेल्या बाटल्या द्यायला हव्या होत्या. धाकटीला आधी बोलायला लावायचं, आजीला शेवटी. चूक तिथेच होऊ द्यायची आणि का चुकलं ते तिच्याच तोंडून वदवायचं. एवढं कळलं आणि तू काय केलंस? दुकानात जाऊन बसलीस.

दोष तुझा आहे का? आहे, थोडा. तुला इथे एक दिवस येऊन बघू न देणाऱ्या साहेबाचा जास्त. पण तुझा बाप, माझा सख्खा भाऊ, माफी मागायला यंगोनाची मुळं घेऊन माझ्या सासरच्यांसमोर गुडघ्यांवर बसला. आम्ही ती मुळं घेतली, कुटली, पाण्यात कालवून सगळ्यांनी मिळून प्यालो. आपल्यात तिथे विषय मिटतो. मग आता शिक्षा कुणाला देतेस?

आता माझी उनाईसी ईस्टरनंतर त्याच हॉटेलात बहिणीच्या जागी लागतेय. मी आरडाओरडा केला, ऐकत नाही, घरात दुसरा पगारही नाही. वर म्हणते कशी, "आई, फोनवर पासच व्हायचंय ना? आजी करेल की!" आणि हसली. मी हॉटेलात जाऊन मॅनेजरला विचारलं, कोर्स जुनाच चालवणार का? म्हणाला, नवा करणारं कोण आहे? मी म्हटलं, आहे. तारैवीनी आजीला मी विचारलंय, ती शेवटी बोलायला तयार आहे. बिचारी लैसानीच्या अपघातापासून कुणाशी धड बोलतही नाही. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही, मेरे, ते लोक केक कापून मोकळे होतील. तू ये. माझी एक मुलगी तुझ्या कोर्सात पास झाली. दुसरीला शिकव.

तुझीच,
अकनिसी आत्या